सुरक्षा यंत्रणा बसवणे आणि दुरुस्ती: आधी कोर्स की आधी साइट?

पहिली_वायर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिकलचा दोन वर्षांचा कोर्स संपला आणि लगेच एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. त्याला आता सात महिने झाले. आमच्याकडे सीसीटीव्ही, चोरी-अलार्म आणि दरवाजाची कार्ड यंत्रणा बसवण्याचं काम असतं. काम मनापासून आवडतं. पण सात महिन्यांत मी केबल ओढली, भिंतीला भोकं पाडली, कन्ड्युट (तारांचा पाइप) ठोकला आणि शिडी धरली, त्यापलीकडे काही नाही. पॅनेल (यंत्रणेचा मुख्य नियंत्रण डबा) उघडायची वेळ आली की सिनियर पुढे होतात आणि मला गाडीतून सामान आणायला धाडतात.

एका संस्थेत सुरक्षा यंत्रणांचा वर्षभराचा पूर्णवेळ कोर्स आहे. तो धरला तर नोकरी सोडावी लागेल. नोकरी ठेवून संध्याकाळी नेटवर्किंगचा कोर्स करणं हा दुसरा मार्ग. घरचे म्हणतात, हाताला काम आहे ते सोडू नकोस. मला भीती वेगळीच आहे. पाच वर्षांनी मी पाच वर्षं अनुभव असलेला केबल ओढणारा झालेला असेन का?

जाता जाता एक खराखुरा प्रश्न. सध्याच्या साइटवर मागच्या कुंपणाकडचे चार ॲनालॉग कॅमेरे दिवसा व्यवस्थित चालतात, अंधार पडला की दर एक-दोन मिनिटांनी बंद-चालू होतात. सिनियरनी दोन कॅमेरे नवे लावून पाहिले, तरी तेच. हे कशाने होतं?

---

जुना_मल्टिमीटर

तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच वरच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

दोन कॅमेरे बदलले, पण व्होल्टेज मोजलं का? रात्री, कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा जोडलेला असताना. प्लग काढून मोजलंत तर आकडा चांगलाच येईल आणि तुम्हाला फसवेल. पॉवर सप्लायपाशी किती, कॅमेऱ्यापाशी किती, दिवसा किती, रात्री किती, हे चार आकडे आणा. केबल किती लांब आहे तेही लिहा. तोवर कारण मुद्दामच सांगत नाही.

मी एकोणीस वर्षं दुरुस्तीवर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: या धंद्यात बसवणारे पुष्कळ, बिघाड शोधणारे थोडे. बसवलेल्या दिवशी सगळंच चालतं. दोन पावसाळे गेल्यावर काय उरतं ते दुरुस्तीला जाणाऱ्यालाच दिसतं. सांध्यात पाणी शिरलेलं, बीएनसीची (कॅमेऱ्याच्या केबलच्या जोडणीची) पिन हिरवी पडलेली, सिलिंगवर उंदरांनी कुरतडलेली केबल. हे ज्याने शंभर वेळा पाहिलं, तो स्वतः बसवताना सांधा उघडा ठेवत नाही. म्हणून कोर्स करा किंवा करू नका, पण ठेकेदाराला सांगून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) फेरीवर जायला लागा. तिथे सिनियर माणूसही एकटाच असतो आणि त्याला दुसऱ्या हाताची गरज पडते. पॅनेलचं झाकण तुमच्यासमोर उघडेल ते तिथे.

---

मैत्रेयी_शिकवते

मी व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात हाच विषय शिकवते, तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते आधीच कबूल करते.

जुना_मल्टिमीटर यांचं दुरुस्तीबद्दलचं म्हणणं मान्य. पण साइटवर एक गोष्ट कधीच मिळत नाही, ती म्हणजे मुद्दाम बिघडवून पाहण्याची मुभा. ग्राहकाच्या पॅनेलवर तुम्ही 'ही तार कापली तर काय होतं' असं करून बघू शकत नाही. वर्गात ते रोज करता येतं.

उदाहरण देते. १८५३ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी विद्युत-चुंबकीय चोर-घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की मंडल पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे शांत वेळी मंडल उघडं. चोराने आधीच तार कापली तर? घंटा गप्प. म्हणूनच आज आपण उलट जोडतो: शांत वेळी मंडल जोडलेलं ठेवायचं, दार उघडलं किंवा तार कापली तर ते तुटतं. पण मग हुशार माणूस दोन तारा एकमेकींना जोडून देतो आणि पॅनेलला वाटतं सगळं ठीक आहे. त्यावर उपाय म्हणून शेवटच्या टोकाला रोधक, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, आला.

आमच्या फळ्यावर मुलं हे हाताने करतात. समजा एक हजार ओहमचे दोन रोधक घेतले. एक ओळीत मालिकेत, दुसरा काँटॅक्टच्या (दार बंद असताना जोडलेल्या राहणाऱ्या स्विचच्या) दोन टोकांवर समांतर. दार बंद असताना पॅनेलला एक हजार ओहम दिसतात, दार उघडल्यावर दोन हजार. तार कापली तर अनंत, शॉर्ट केली तर शून्य. चार स्थिती दोन तारांवर. हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही कंपनीचं पॅनेल परकं वाटत नाही, फक्त रोधकाची किंमत त्या पॅनेलच्या पुस्तिकेत बघावी लागते. आणि रोधक डिटेक्टरच्या आत लावायचे, पॅनेलच्या डब्यात नाहीत. पॅनेलमध्ये लावले तर भिंतीतल्या तारेवर पहारा राहतच नाही. ही चूक मी पास झालेल्या मुलांच्याही कामात पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

पहिली_वायर, संस्थेत प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळा बघायला मागा. भिंतीवर चकचकीत यंत्रं टांगलेली असतील तर पाठीमागे जाऊन बघा, ती जोडलेली आहेत का. किती मुलांमागे एक पॅनेल आहे ते विचारा. बिघाड शोधायचा फलक आहे का, परीक्षेत बिघाड देतात का, ते विचारा. शेवटचे दोन-तीन महिने कंपनीत काम असतं का, तेही. ही उत्तरं नीट आली नाहीत तर वर्ष वाया घालवू नका, असं मी शिक्षिका असूनही सांगेन.

---

निळा_पॅचकॉर्ड

मी नेटवर्कच्या बाजूने या क्षेत्रात आलो, त्यामुळे संध्याकाळच्या कोर्ससाठी माझं मत.

पहिला नेटवर्क कॅमेरा बाजारात आला १९९६ मध्ये. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ ही सामाईक मानकं ठरवणारी संघटना सुरू केली, जेणेकरून एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलू शकेल. त्यानंतर आपल्या कामाचा मोठा भाग नेटवर्कचा झाला. आज रोजच्या तक्रारी बघा: दोन कॅमेऱ्यांना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), स्विचची (कॅमेरे जोडायच्या नेटवर्क डब्याची) पॉवर पुरत नाही, बाहेरून मोबाइलवर चित्र दिसत नाही, रेकॉर्डिंग पंधरा दिवसांऐवजी सहा दिवसांतच पुसलं जातं. यातलं काहीच पक्कड-स्क्रूड्रायव्हरने सुटत नाही.

पॉवरचं घ्या. पीओईच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या, ८०२.३ एएफ मानकात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट असतात, पण केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅटचीच खात्री असते. एटी मानकात ३० आणि २५.५. फिरणारा, हीटर असलेला कॅमेरा एएफ पोर्टवर लावला की तो सुरू होतो आणि थंडीच्या रात्री हीटर लागला की बसतो. शिवाय स्विचचं एकूण बजेट वेगळं असतं. आठ पोर्ट आहेत म्हणून आठही पोर्टांवर पूर्ण पॉवर मिळेलच असं नाही. केबलची मर्यादा १०० मीटर, त्यात ९० भिंतीतली आणि १० पॅचकॉर्डची (टोकाच्या जोडतारांची).

डिस्कचं गणित तर शाळकरी आहे, तरी बहुतेक जण अंदाजे सांगतात. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने लिहीत असेल तर दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले ४, भागिले ८, म्हणजे ४३.२ जीबी. आठ कॅमेरे, तीस दिवस: जवळजवळ १०.४ टीबी. ग्राहकाला 'महिनाभर राहील' असं सांगून ४ टीबीची डिस्क टाकलीत, आणि नेमकी वीस दिवसांपूर्वीची घटना शोधायची वेळ आली, तर त्या माणसाला तुम्ही काय उत्तर देणार?

आणि पासवर्ड. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डर) आणि राउटर ताब्यात घेतले. तंत्र साधं होतं: कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे. त्याच यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीच्या सर्व्हरांवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना काही तास उघडेनात. ती यंत्रं बसवणाऱ्यांपैकी कित्येकांनी पासवर्ड बदलायला लागणारी दोन मिनिटं वाचवली होती. सुरक्षेसाठी लावलेलं यंत्र दुसऱ्यांवर हल्ल्याचं हत्यार होतं, हे मला अजून खुपतं.

नेटवर्किंग शिका. आयपी, सबनेट, व्हीलॅन, राउटरचे पोर्ट, एवढं पक्कं झालं तरी पुढची दहा वर्षं काम कमी पडणार नाही.

---

वाचनखूण

वाचतेय. निळा_पॅचकॉर्ड, डिस्कचं गणित वहीत उतरवलं.

---

बाहेरचा_दरवाजा

कॅमेऱ्यांवर सगळेच बोलतात. मी दरवाजे आणि फायर अलार्मवर काम करतो, तिथली गोष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण तिथे चुकीची किंमत माणसाच्या जिवात मोजावी लागते.

कुलूप दोन जातींचं. वीज गेली की उघडणारं आणि वीज गेली तरी बंद राहणारं. ईएम (विद्युतचुंबकीय) लॉक पहिल्या जातीचं, वीज आहे तोवरच चुंबक धरतो. इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली विजेवर सुटणारी खाच) दोन्ही प्रकारांत मिळतो. बाहेर पडायच्या मार्गावर कुठलं बसवायचं हे आवडीनिवडीवर नाही. आगीत त्या दरवाजाशी माणसं धावत येणार आहेत. तिथे लॉकची पॉवर तोडणारं आणीबाणीचं बटण थेट पॉवरच्या तारेत असावं लागतं. कंट्रोलरला (दार चालवणाऱ्या यंत्राला) निरोप देऊन 'बाबा, दार उघड' असं सांगणारं नको, कारण कंट्रोलर हँग झालेला असू शकतो. फायर पॅनेलचा रिले (विजेवर चालणारा स्विच) पडला की लॉक सुटलंच पाहिजे. आणि हे कागदावर नाही, प्रत्यक्ष फायर अलार्म वाजवून, दाराला हात लावून तपासायचं.

माझ्या उमेदवारीच्या काळातलं सांगतो. एका इमारतीत आम्ही यंत्रणा सोपवून आलो. महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी गेलो तर जिन्याच्या दाराचं लॉक फायर रिलेला जोडलेलंच नव्हतं. तार डब्यापर्यंत आणलेली, टेप लावून ठेवलेली. ती तार तशी ठेवणारा मी होतो. संध्याकाळ झाली होती, उद्या जोडू म्हटलं आणि विसरलो. काही घडलं नाही, पण त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून अर्धवट तारेला मी लाल पट्टी बांधतो आणि साइट सोडण्याआधी लाल पट्ट्या मोजतो.

एक बारीक गोष्ट, जी पुस्तिकेत असते पण वाचली जात नाही. ईएम लॉकची दारावरची लोखंडी पट्टी घट्ट आवळायची नसते. मधे रबरी वॉशर असतं, पट्टी थोडी हलती राहिली पाहिजे, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. आवळून टाकली की एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहते आणि शेकडो किलो धरणारं लॉक एका धक्क्यात सुटतं. मग लोक लॉक बदलतात. लॉक चांगलंच असतं.

आणि लॉकच्या कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायला विसरू नका. लॉक सुटताना उसळणारा व्होल्टेजचा झटका कंट्रोलरचा रिले खातो.

---

पहिली_वायर (धागाकर्ता)

इतकं सविस्तर कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

जुना_मल्टिमीटर, आकडे आणले. सिनियरांना विचारून संध्याकाळी थांबलो.

सप्लायपाशी दिवसा-रात्री १२.१ व्होल्ट. कॅमेऱ्यापाशी दिवसा ११.०. अंधार पडल्यावर ९.४ पर्यंत उतरतं, कॅमेरा बंद पडतो, पुन्हा ११ च्या वर चढतं, पुन्हा उतरतं. केबल ५० मीटरच्या आसपास, प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी जोडी, ०.५ चौरस मिलिमीटर असं वेष्टनावर लिहिलंय.

रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात म्हणून करंट वाढतो, बरोबर ना? तो अर्ध्या अँपिअरच्या जवळ मोजला. पण तारेचा रोध काढून बघितला तर माझा हिशोब जुळत नाही. तांब्याची एवढी तार असेल तर पावणेदोन व्होल्ट पडायला हवेत, इथे पावणेतीन पडतायत.

---

जुना_मल्टिमीटर

शाब्बास. हिशोब जुळत नाही हे तुम्हाला दिसलं, यातच अर्धं काम झालं.

तुमचं गणित बरोबर आहे. तांब्याची ०.५ ची तार, जाऊन-येऊन १०० मीटर, रोध साडेतीन ओहम. अर्ध्या अँपिअरला १.७५ व्होल्ट. कॅमेऱ्याला १०.३५ मिळायला हवे होते. जास्त पडतायत, याचा अर्थ तार तांब्याची नाही किंवा सांधा खराब आहे. पण चारही कॅमेऱ्यांना एकसारखंच होतंय म्हणता, तेव्हा चार सांधे एकदम खराब व्हायची शक्यता कमी. तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियम आहे, वर तांब्याचा नुसता मुलामा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपटीहून जास्त असतो.

---

पहिली_वायर (धागाकर्ता)

पांढरं निघालं.

---

पडद्यामागे

नियंत्रण कक्षात रात्रपाळीला मॉनिटरिंग करते. आम्ही यंत्रणा बसवत नाही, पण तुम्ही बसवलेल्याचं फळ आम्ही भोगतो, म्हणून लिहिते.

खोटे अलार्म माणसाला बधिर करतात. एकाच जागेवरून रात्रीत नऊ वेळा अलार्म आला की दहाव्या वेळी हात आपोआप 'रद्द' कडे जातो. मी असं होऊ देत नाही, पण थकलेल्या माणसाकडून ते होतं. आणि त्यातले बरेच अलार्म बसवताना टळले असते. पीआयआर (हालचाल टिपणारा सेन्सर) हा उष्णतेतला बदल बघतो. त्याच्यासमोर हीटर, एसीची हवा किंवा ऊन पडणारी खिडकी ठेवली की तो त्याच्या परीने खरंच बोलतो, चूक जागेची असते. शिवाय त्याच्या किरणपट्ट्या आडव्या ओलांडणारा माणूस त्याला लगेच कळतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. म्हणून तो दाराच्या बरोबर समोर नको, बाजूच्या भिंतीला कोपऱ्यात हवा. बसवल्यावर वॉक टेस्ट करा. खोलीत सगळीकडून चालून बघा, नुसता दिवा लुकलुकला म्हणून निघून जाऊ नका.

कॅमेऱ्याबद्दलही तेच. पोलिस फुटेज मागतात तेव्हा चेहरा ओळखू येत नाही आणि लोक आम्हाला दोष देतात. एवढा रुंद भाग एका कॅमेऱ्यात पकडला की चेहऱ्याला पिक्सेल उरणार कुठून?

---

मैत्रेयी_शिकवते

पडद्यामागे यांनी विचारलेल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. आयईसी ६२६७६-४ या कॅमेरा यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत दिलं होतं: कोणीतरी आहे एवढं कळायला दर मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची खात्रीशीर ओळख पटवायला २५०. कॅमेऱ्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असेल, तर ओळख पटवण्यासाठी त्याला जेमतेम दहा मीटर रुंदीचा भाग दाखवता येतो. प्रवेशद्वारासाठी वेगळा कॅमेरा का लागतो, ते ग्राहकाला या एका भागाकारात पटतं.

---

चार_शिड्या

माझी छोटी फर्म आहे, अकरा माणसं. माणूस घेताना मी काय बघतो ते सांगतो, कदाचित पहिली_वायरना उपयोगी पडेल.

प्रमाणपत्र बघतो, पण त्यावर ठरवत नाही. मुलाखतीत एक डबा पुढे ठेवतो. आत पॉवर सप्लाय, बॅटरी, एक झोन (डिटेक्टरची ओळ), एक सायरन. त्यात एक बिघाड असतो. सापडला नाही तरी चालतं. मला बघायचं असतं की तो आधी मोजतो की आधी काहीतरी उचकटतो. बहुतेक वेळा बिघाड बॅटरीत असतो. मोकळी मोजली तर १२.८ दाखवते आणि सायरन लावला की ८ वर येते. जो लोड लावून मोजतो, त्याला मी त्याच दिवशी घेतो.

दुसरं, लिहिणं. कुठली तार कुठे जाते, कुठल्या तारखेला बॅटरी बदलली, कुठला आयपी दिला, हे लिहून ठेवणारा माणूस मला दोन माणसांएवढा वाटतो. बॅटरीवर मार्करने तारीख घालणं एवढी साधी सवय आहे. तीन-चार वर्षांनी तोंडी आठवणीवर कोणीच सांगू शकत नाही.

तिसरं, विश्वास. आपल्याला लोकांच्या घराच्या कमकुवत जागा ठाऊक असतात. कुठला दरवाजा अलार्मवर नाही, कॅमेऱ्याला काय दिसत नाही, मालक कधी बाहेरगावी असतात. काम झालं की मालकाला स्वतःच्या हाताने नवा पासवर्ड घालायला लावायचा आणि आपण तिकडे पाठ करून उभं राहायचं. कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीत बघत असेल तर मालक काहीही म्हणो, कॅमेऱ्याचं तोंड फिरवायचं किंवा तो भाग मास्क करायचा. मी एकदा एक चांगला हुशार मुलगा कामावरून काढला, कारण त्याने ग्राहकाच्या कॅमेऱ्यातलं चित्र मित्रांना गंमत म्हणून दाखवलं. अजूनही त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा तेच करेन.

पुढे जाण्याचे रस्ते बरेच आहेत: हेल्पर, मग टेक्निशियन, मग एकट्याने कॉल घेणारा सर्व्हिस माणूस, मग कमिशनिंग, म्हणजे मोठी यंत्रणा प्रोग्राम करून सोपवणारा. तिथून काही जण डिझाइनला जातात, काही कंपन्यांच्या ट्रेनिंग विभागात, काही माझ्यासारखी फर्म काढतात. पैसा सगळ्यात लवकर वाढतो तो एकट्याने कॉल घ्यायला लागल्यावर.

मात्र पहिलं वर्ष केबलच ओढावी असं माझं मत आहे. केबलची शिस्त हातात बसल्याशिवाय पॅनेल देऊ नये.

---

मैत्रेयी_शिकवते

चार_शिड्या, बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. केबल ओढताना मुलाला ती केबल कशासाठी ओढतोय हे सांगायला काय हरकत आहे? सिग्नलची केबल मेन्सच्या (मुख्य विजेच्या) तारेबरोबर एका पाइपात का घालायची नाही हे ज्याला माहीत नाही, तो तुमचं लक्ष नसताना घालणारच. वर्षभर न समजता केलेलं काम ही शिस्त नव्हे. माझ्याकडे अशी मुलं येतात, हात तयार असतो आणि प्रश्न विचारायची सवय मोडलेली असते. ती सवय परत आणायला मला अख्खं सत्र लागतं.

---

चार_शिड्या

हे मान्य करावं लागेल. आमच्याकडे गाडीत जाता-येता आम्ही बोलतो, त्यामुळे मला ते शिकवणं वेगळं करावं लागतंय असं वाटलं नव्हतं. पण सगळीकडे तशी माणसं नसतात. 'वर्षभर केबल' मागे घेतो. केबल ओढा, पण तिच्या दोन्ही टोकांना काय आहे ते बघितल्याशिवाय साइट सोडू नका.

---

थोडा_उशीर

मधेच विचारतो. वय ४१. वीस वर्षं टीव्ही दुरुस्ती केली. आता लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, नवा घेतात. सोल्डरिंग, सर्किट वाचणं चांगलं येतं. नेटवर्कचं शून्य. या वयात कोणी घेईल का? शिडीवर चढायची भीती नाही, पण वीस वर्षांच्या मुलाच्या हाताखाली काम करायला लागेल याचा संकोच आहे, खोटं कशाला बोलू.

---

जुना_मल्टिमीटर

थोडा_उशीर, तुम्ही शून्यातून सुरू करत नाही आहात. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर, पॅनेलच्या बोर्डावरचा जळलेला रिले, पावसाळी विजेने उडालेलं इनपुट, हे दुरुस्त करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बरेच जण बोर्डच बदलतात. जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही तेव्हा ग्राहकाला अख्खी यंत्रणा बदलायला सांगतात. त्या वेळी तुमच्यासारखा माणूस सोन्यासारखा. दोन-तीन बसवणाऱ्या फर्मना बोर्ड दुरुस्ती करून देतो म्हणून सांगा, तिथून आत शिरा. एक अट मात्र पाळा: फायर अलार्मचे बोर्ड दुरुस्त करून परत लावू नका. ते प्रमाणित असतात, तिथे कंपनीचाच भाग हवा.

संकोचाचं म्हणाल, तर मला आयपी पत्ते शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा होता. मी त्याला सर म्हणायचो. त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं, मला नाही.

---

निळा_पॅचकॉर्ड

थोडा_उशीर, जुना राउटर, एक स्वस्त स्विच आणि एक वापरलेला आयपी कॅमेरा घेऊन घरी टेबलावर मांडा. कॅमेऱ्याचा पत्ता बदला, हरवून टाका, पुन्हा शोधा. महिनाभर रोज तासभर. अडलं तर इथेच विचारा, मी बघेन.

---

पहिली_वायर (धागाकर्ता)

उशिरा उत्तर देतोय, मधे चार दिवस साइटवरच होतो.

जुना_मल्टिमीटर यांनी सांगितल्याप्रमाणे सिनियरांना आकड्यांचा कागद दाखवला. आधी ते रागावले, दोन कॅमेरे फुकट बदलले म्हणून वाईट वाटलं असावं. मग कागद घेऊन मालकाकडे गेले. कुंपणाकडच्या खांबापर्यंत मेन्स आणायचं, तिथे पाणीरोधक डब्यात सप्लाय बसवायचा आणि कॅमेऱ्यांना छोट्या तांब्याच्या तारा द्यायच्या असं ठरलं. ते माझ्याकडे दिलं. मेन्स जोडताना सिनियर शेजारी उभे होते, पण हात माझा होता.

मैत्रेयीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती संस्था बघून आलो. भिंतीवर सोळा कॅमेरे होते, पाठीमागे एकही तार नव्हती. बिघाडाच्या फलकाबद्दल विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यामुळे नोकरी ठेवतोय. संध्याकाळचा नेटवर्किंगचा कोर्स पुढच्या महिन्यापासून, आणि एएमसीच्या फेरीवर आठवड्यातून दोन दिवस जायला मालक हो म्हणालेत. रोधकांचा फलक घरी स्वतःच बनवतोय. दोन रोधक, एक मॅग्नेटिक काँटॅक्ट आणि मीटर, एवढ्यावर चारही स्थिती दिसल्या.

काल रात्री साडेनऊला कुंपणापाशी गेलो. दिवे लागलेले, चारही कॅमेरे चालू. टोकाला ११.८.